नेटवर्क ड्रायव्हरची रिसीव्ह क्यू: बफर कोणाच्या हातात आहे याचा हिशोब कसा ठेवावा

रिसीव्ह क्यू हे रहाटगाडगं आहे. रिकामी गाडगी खाली जातात, भरून वर येतात, ओतली जातात आणि पुन्हा खाली जातात. लिनक्स कर्नलमधल्या ड्रायव्हरचं काम म्हणजे माळ फिरती ठेवणं आणि प्रत्येक गाडगं या क्षणी कोणाकडे आहे हे चोख लक्षात ठेवणं. बफर एकतर नेटवर्क कार्डाकडे असतो, नाहीतर ड्रायव्हरकडे, नाहीतर वरच्या नेटवर्क स्टॅककडे. एकाच वेळी दोघांकडे गेला तर मेमरी खराब होते आणि कोणाकडेच राहिला नाही तर ती गळते. रिसीव्ह मार्गावरचे बहुतेक अवघड बग या दोनपैकी एका जातीचे असतात, म्हणून इथे प्रत्येक पायरीला मालकी कुठे बदलते तेवढं बघायचं आहे.

उदाहरणासाठी इंटेलच्या १ गिगाबिट कार्डांचा आयजीबी ड्रायव्हर समोर ठेवला आहे. तो कर्नलच्या मूळ झाडात आहे, रचना सरळ आहे आणि इतर बऱ्याच ड्रायव्हरांत हाच साचा दिसतो. सी भाषा आणि कर्नल मॉड्यूल लिहिण्याची सवय आहे असं धरून चाललो आहे.

रचना मांडताना

पहिला गोंधळ नावातच होतो. कर्नलच्या गाभ्यातलं नेटडेव्ह_आरएक्स_क्यू हे स्ट्रक्चर आणि ड्रायव्हरची स्वतःची रिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं गाभा सांभाळतो: सिसएफएसमधली (कर्नलची माहिती फाइलींसारखी दाखवणारी जागा) क्यूची डिरेक्टरी, आरपीएसची (पॅकेटं प्रोसेसरांत वाटण्याची) मांडणी, एक्सडीपीची (पॅकेट स्टॅककडे जाण्याआधी ड्रायव्हरमध्येच त्यावर छोटा प्रोग्राम चालवण्याची सोय) नोंदणी त्यात असते. त्याची संख्या अ‍ॅलॉक_नेटडेव्ह_एमक्यूएस बोलावताना ठरते. दुसरी, म्हणजे खरी माळ, पूर्णपणे ड्रायव्हरची जबाबदारी.

त्या माळेचे दोन भाग. एक डिस्क्रिप्टरांची (बफरचा पत्ता आणि स्थिती सांगणाऱ्या छोट्या नोंदींची) रिंग, जी कार्ड आणि प्रोसेसर दोघं वाचतात-लिहितात. ती डीएमए_अ‍ॅलॉक_कोहेरंट वापरून घ्यावी. आयजीबीत एक डिस्क्रिप्टर १६ बाइटचा, नेहमीची संख्या २५६, म्हणजे बरोबर ४,०९६ बाइट, एक पेज. दुसरा भाग फक्त ड्रायव्हरचा: प्रत्येक डिस्क्रिप्टरमागे एक छोटी नोंद, ज्यात पेजचा पॉइंटर, डीएमए पत्ता (कार्ड प्रोसेसरशिवाय थेट मेमरीत लिहितं तो पत्ता), पेजमधला ऑफसेट आणि संदर्भ-मोजणीचा एक आकडा असतो. ही नोंद का लागते? कारण कार्ड डिस्क्रिप्टर परत लिहितं तेव्हा त्यातला पत्ता पुसला जातो. त्या १६ बाइटांत आधी पत्ता असतो, नंतर त्याच जागी लांबी, हॅश आणि स्थिती येते. पत्ता दुसरीकडे लिहून ठेवला नसेल तर बफर अनमॅप कसा करणार?

ही दुसरी यादी ६४ बिट यंत्रावर नोंदीमागे साधारण २४ बाइट घेते. ४,०९६ डिस्क्रिप्टर मागितले की ९६ किलोबाइट. ती केकॅलॉकने मागितली तर सलग १२८ किलोबाइटचा तुकडा लागतो आणि महिनाभर चालू असलेल्या, तुकडे पडलेल्या मेमरीत तो मिळेलच असं नाही. कार्डाला ही यादी दिसतच नाही, मग ती सलग असण्याचं कारण काय? व्हीमॅलॉक किंवा केव्हीकॅलॉक वापरा.

रिंगच्या स्ट्रक्चरमध्ये तीन निर्देशांक ठेवा: नेक्स्ट_टू_यूज म्हणजे पुढचा रिकामा बफर कुठे टांगायचा, नेक्स्ट_टू_क्लीन म्हणजे पुढचा भरलेला कुठून काढायचा, आणि पेज पुन्हा वापरणार असाल तर नेक्स्ट_टू_अ‍ॅलॉक. प्रत्येक पॅकेटला लागणारी फील्ड्स एकाच ६४ बाइटच्या कॅशलाइनमध्ये आणि रिंग सुरू किंवा बंद करतानाच लागणारी फील्ड्स तिच्या बाहेर ठेवा. रिंगची एकूण लांबी बाइटमध्ये वेगळ्या फील्डमध्ये जपा. हे का ते आकार बदलण्याच्या भागात येईल. मोजण्या ६४ बिट असतील तर त्यांना यू६४_स्टॅट्स_सिंकचं संरक्षण द्या, नाहीतर ३२ बिट यंत्रावर वाचणाऱ्याला अर्धा जुना, अर्धा नवा आकडा दिसतो.

एक जागा कायम रिकामी ठेवावी लागते. इंटेलच्या कार्डांत हेड (कार्ड कुठवर पोचलं) आणि टेल (ड्रायव्हरने कुठवर बफर दिले) ही दोन रजिस्टरं सारखी झाली की ‘माझ्याकडे एकही बफर नाही’ असा कार्डाचा समज होतो. पूर्ण भरलेली रिंगही तशीच दिसेल. म्हणून उपलब्ध जागांचं सूत्र असं: नेक्स्ट_टू_क्लीन वजा नेक्स्ट_टू_यूज वजा १, आणि नेक्स्ट_टू_क्लीन मोठा नसेल तर त्यात रिंगची संख्या मिळवायची. ते ‘वजा १’ विसरलं की रिंग पहिल्यांदा भरतानाच कार्ड गप्प बसतं आणि एकही पॅकेट येत नाही.

संख्या किती असावी

१० गिगाबिटवर सर्वांत छोटी फ्रेम तारेवर ८४ बाइट जागा घेते: ६४ बाइट फ्रेम, ८ बाइट प्रिअँबल आणि १२ बाइटचं अंतर. म्हणजे दर ६७.२ नॅनोसेकंदाला एक. ५१२ ची रिंग ३४ मायक्रोसेकंदांत भरते. १ गिगाबिटवर २५६ ची रिंग १७२ मायक्रोसेकंदांत. पूर्ण १,५०० बाइटच्या फ्रेम असतील तर १ गिगाबिटवर एका फ्रेमला १२.३ मायक्रोसेकंद लागतात आणि तीच २५६ ची रिंग ३ मिलिसेकंदांहून जास्त तग धरते. प्रोसेसर जास्तीत जास्त किती वेळ या क्यूकडे फिरकणार नाही याचा अंदाज घ्या आणि त्यावरून आकडा काढा.

मग सरळ ४,०९६ का ठेवू नये? कारण माळ गोल फिरते. एकदा वापरलेला बफर पुन्हा हाती येतो तो पूर्ण फेरी झाल्यावरच. ४,०९६ गुणिले २ किलोबाइट म्हणजे क्यूमागे ८ मेगाबाइट; १६ क्यू असतील तर १२८. एवढं प्रोसेसरच्या कॅशमध्ये मावत नाही, म्हणून प्रत्येक पॅकेट थंड मेमरीतून वाचावं लागतं. क्षणिक लोंढा झेलायला मोठी रिंग उपयोगी पडते. प्रोसेसर मुळातच कमी पडत असेल तर मात्र ती फक्त उशीर वाढवते. २५६ किंवा ५१२ पासून सुरुवात करा आणि गळती मोजून मगच वाढवा.

बफरची मापं

अख्ख्या रचनेत हाताने बेरीज-वजाबाकी करून बघायलाच हवी अशी जागा ही. साध्या इथरनेटची सर्वांत मोठी फ्रेम १,५०० अधिक १४ हेडर, ४ व्हीलॅन टॅग, ४ एफसीएस (फ्रेमच्या शेवटची तपासणी-बेरीज), मिळून १,५२२ बाइट. ४ किलोबाइटचं पेज अर्धं केलं की २,०४८. बिल्ड_एसकेबी (आलेल्या बफरवरच एसकेबी, म्हणजे कर्नलचं पॅकेटाचं स्ट्रक्चर, उभारणारं फंक्शन) वापरून कॉपी टाळायची असेल तर याच २,०४८ मध्ये पुढे हेडरूम (पॅकेटाआधीची मोकळी जागा) आणि शेवटी एसकेबी_शेअर्ड_इन्फो (पॅकेटाच्या तुकड्यांची यादी) मावलं पाहिजे. एक्स८६-६४ वर हेडरूम ६४ आणि शेअर्ड_इन्फो ३२० बाइट. उरतात १,६६४. फ्रेम आरामात बसते.

आता एक्सडीपी जोडा. त्याला २५६ बाइट हेडरूम लागते. २,०४८ वजा २५६ वजा ३२०, उरले १,४७२. फ्रेम १,५२२ ची. बसत नाही. हे गणित न करता हेडरूमचा आकडा बदलला तर मोठ्या फ्रेमचं शेपूट शेअर्ड_इन्फोवर लिहिलं जातं आणि कर्नल बऱ्याच वेळाने, भलत्याच ठिकाणी, एसकेबी मोकळा करताना कोसळतो. एक्सडीपी हवा असेल तर फ्रेममागे पूर्ण पेज द्या. ३२० हा आकडाही कोडमध्ये थेट लिहू नका. तो फ्रॅगच्या (पॅकेटाच्या तुकड्यांच्या) कमाल संख्येवर अवलंबून आहे आणि ती संख्या, सहसा १७, आता कर्नल बांधताना बदलता येते. एसकेबी_विथ_ओव्हरहेड मॅक्रो त्यासाठीच आहे.

इथरनेट हेडर १४ बाइटचं असल्यामुळे त्यामागचं आयपी हेडर ४ च्या पटीत येत नाही. नेट_आयपी_अलाइन हे २ बाइट पुढे सरकवून ते जुळवतं. एक्स८६ वर ते शून्य असतं. म्हणून एक्स८६ वर नीट चाललेला ड्रायव्हर अलाइनमेंटबाबत कडक प्रोसेसरावर रांगायला लागतो.

पेज कुठून आणायची? नवा ड्रायव्हर लिहीत असाल तर सरळ पेज_पूल (पेजं राखून पुन्हा पुन्हा देणारा कर्नलमधला साठा) घ्या. तो २०१८ मध्ये कर्नल ४.१८ बरोबर आला आणि आता हाच रुळलेला मार्ग आहे. अर्धं पेज उलटसुलट वापरण्याची जुनी युक्ती आयजीबीत आहे, पण तिच्यातली संदर्भ-मोजणी नाजूक असते. एखाद्या सॉकेटने आपला अर्धा भाग धरून ठेवला की पुनर्वापर थांबतो आणि मॅप-अनमॅपचा खर्च परत येतो.

पेज_पूलचे नियम थोडे आहेत, पण सगळे पाळावे लागतात. प्रत्येक आरएक्स (रिसीव्ह) क्यूला स्वतंत्र पूल. एक पूल दोन नॅपींमध्ये (नॅपी म्हणजे इंटरप्टनंतर फेऱ्या मारून पॅकेटं काढण्याची कर्नलची यंत्रणा) वाटू नका, कारण त्याची जलद कॅश कुलपाशिवाय चालते. पूलचा आकार रिंगइतका ठेवा. पीपी_फ्लॅग_डीएमए_मॅप दिला की मॅपिंग पूल करतो आणि पेज परत आल्यावरही ते टिकवून ठेवतो, आयओएमएमयू (उपकरणांचे मेमरी पत्ते बदलणारं आणि तपासणारं हार्डवेअर) चालू असताना मोठी बचत होते ती इथेच. पीपी_फ्लॅग_डीएमए_सिंक_डेव्ह दिलात तर ऑफसेट आणि मॅक्स_लेन अचूक भरा. पूल कार्डाच्या दिशेचंच सिंक करतो. प्रोसेसरने वाचण्याआधीचं सिंक तुम्हालाच करायचं आहे. एक्सडीपी प्रोग्राम पॅकेट बदलून परत पाठवू शकत असेल तर डीएमएची दिशा दुतर्फी हवी. पेज_पूल_क्रिएट अपयशी झाल्यावर नल देत नाही, चूक-पॉइंटर देतो, इज_एररने तपासा. आणि एसकेबी तयार झाल्यावर एसकेबी_मार्क_फॉर_रीसायकल बोलवायला विसरू नका, नाहीतर स्टॅक ते पेज पूलकडे परत पाठवतच नाही आणि पूलच्या हिशोबात ते कायम बाहेरच राहतं.

रिकामे बफर टांगणं

पेज घ्या, मॅप करा, डीएमए_मॅपिंग_एरर तपासा. स्वीआयओटीएलबीची (डीएमएसाठीच्या तात्पुरत्या बफरांची) जागा संपली की मॅपिंग खरोखर फसतं आणि न तपासलेला पत्ता कार्डाच्या हातात गेला तर ते कुठेही लिहू शकतं. मग पत्ता लिटल-एंडियन करून डिस्क्रिप्टरमध्ये लिहा. पेज तेच असलं तरी पत्ता प्रत्येक वेळी नव्याने लिहावा लागतो, कारण मागच्या फेरीत कार्डाने तो पुसला आहे.

पुढची पायरी सहज निसटते: जिथे भरणं थांबलं त्याच्या पुढच्या डिस्क्रिप्टरमधली लांबी शून्य करा. तसं केलं नाही तर तिथे मागच्या फेरीची लांबी शिल्लक राहते, काढणारा लूप तिला नवं पॅकेट समजतो आणि कार्डाने अजून न लिहिलेला बफर वर देऊन टाकतो. हा बग रिंगची पहिली फेरी पूर्ण होईपर्यंत दिसतच नाही. २५६ पॅकेटांच्या आत संपणाऱ्या चाचणीत तो सापडणार नाही.

शेवटी डीएमए_डब्ल्यूएमबी आणि त्यानंतर राइटएलने टेल रजिस्टरमध्ये नवा निर्देशांक. या क्षणी मालकी कार्डाकडे गेली. अडथळा कशासाठी? डिस्क्रिप्टर मेमरीत पोचण्याआधी टेलची बातमी कार्डाला कळली तर ते जुना पत्ता उचलेल. साध्या राइटएलमध्ये ही क्रमाची हमी आधीच आहे, पण वेगासाठी कोणी उद्या राइटएल_रिलॅक्स्ड केलं तर ती हमी जाते. अडथळा स्पष्ट लिहिलेला असावा आणि त्याच्या डोक्यावर एका ओळीची टिप्पणी असावी.

टेल दर पॅकेटला लिहू नका. रजिस्टरवर लिहिणं महाग असतं आणि ६४ बाइटच्या एका कॅशलाइनमध्ये ४ डिस्क्रिप्टर बसत असल्यामुळे एकेक भरताना कार्ड आणि प्रोसेसर त्याच ओळीसाठी झगडतात. आयजीबी १६ जागा मोकळ्या झाल्या की एकदम भरतो. हे काम काढणाऱ्या लूपच्या आत करा. लूप संपेपर्यंत थांबलात तर लोंढ्याच्या वेळी कार्ड उपाशी राहतं.

भरलेले बफर काढणं

काढण्याचं काम नॅपीच्या पोल फंक्शनमध्ये. इंटरप्ट आला की तो बंद करायचा, नॅपी_शेड्यूल बोलवायचं आणि निघायचं. पोलला बजेट मिळतं, सहसा ६४. नेटपोल (इंटरप्टशिवाय पॅकेटं पाठवण्याची कर्नलची सोय) शून्य बजेट देऊन बोलावतं. तेव्हा आरएक्सला हात लावायचा नाही.

लूपमध्ये आधी फक्त लांबी किंवा डीडी बिट (डिस्क्रिप्टर पूर्ण झाल्याची खूण) वाचा. शून्य असेल तर बाहेर पडा. शून्य नसेल तर डीएमए_आरएमबी, आणि मगच डिस्क्रिप्टरची बाकी फील्ड्स. हा अडथळा एक्स८६ वर नसला तरी सहसा काही बिघडत नाही. एआरएम६४ आणि पॉवरवर प्रोसेसर बाकीची फील्ड्स आधी वाचून ठेवू शकतो आणि नव्या बिटाबरोबर जुनी माहिती हाती येते. त्यानंतर प्रोसेसरच्या दिशेने डीएमए सिंक. आता बफर ड्रायव्हरचा झाला.

कार्डाने सांगितलेली लांबी बफरपेक्षा मोठी नाही ना हे तपासा. बिघडलेलं फर्मवेअर किंवा आभासी यंत्रातलं अविश्वासू उपकरण काहीही सांगू शकतं. फ्रेम अनेक डिस्क्रिप्टरांत विभागली असेल तर फ्रॅगची संख्याही मोजा. ९,००० एमटीयूची (एमटीयू म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी) फ्रेम २,०४८ च्या ५ बफरांत येते, कमाल १७ पासून ती खूप दूर आहे. पण ‘फ्रेम संपली’ हा बिट कधी आलाच नाही तर लूप १८ वा फ्रॅग यादीबाहेर लिहील.

अशी फ्रेम अर्धी असतानाच बजेट संपू शकतं. तेव्हा अर्धवट एसकेबी रिंगच्या स्ट्रक्चरमध्ये ठेवा आणि पुढच्या पोलमध्ये तिथून उचला. रिंग बंद करताना तो मोकळा करायचा आहे हे आत्ताच त्या फंक्शनमध्ये लिहून टाका.

एसकेबी तयार झाला की चेकसम, व्हीलॅन आणि हॅश भरा, एसकेबी_रेकॉर्ड_आरएक्स_क्यू बोलवा, मग एथ_टाइप_ट्रान्स, मग एसकेबी वरच्या स्टॅककडे देणारं नॅपी_जीआरओ_रिसीव्ह. बाइटची मोजणी एथ_टाइप_ट्रान्सच्या आधी करा, कारण तो हेडरचे १४ बाइट लांबीतून काढून घेतो. आणि नॅपी_जीआरओ_रिसीव्हनंतर एसकेबीकडे वळून बघायचं नाही, मोजणीसाठी लांबी वाचायलासुद्धा नाही. मालकी गेलेली असते आणि ती मेमरी कदाचित मोकळीही झालेली असते. ट्रूसाइज (एसकेबीने खरंच अडवलेली मेमरी) खरा लावा: पूर्ण पेज अडवलं असेल तर पेजभर. कमी लावलात तर सॉकेटच्या मर्यादा फसतात आणि मेमरी मर्यादेपलीकडे वापरली जाते.

पोलचा शेवट. बजेट पूर्ण वापरलं तर बजेटच परत करा आणि नॅपी_कम्प्लीट_डन बोलवू नका. कमी वापरलं तरच ते बोलवा, आणि त्याने खरं परत केलं तरच इंटरप्ट उघडा. शेवटचं तपासणं आणि इंटरप्ट उघडणं यांच्या फटीत पॅकेट आलं तर? काही कार्डं अशा वेळी इंटरप्ट उघडताच तो पुन्हा देतात. तुमचं देत नसेल तर उघडल्यानंतर रिंग आणखी एकदा बघा आणि काही सापडलं तर नॅपी पुन्हा शेड्यूल करा. आभासी यंत्रांचा व्हर्चिओ_नेट ड्रायव्हर हेच करतो. ही फट राहिली की लक्षण विचित्र दिसतं: एक पिंग अडकतो आणि पुढचं पॅकेट आलं की दोन्ही उत्तरं एकदम येतात.

मेमरी मिळाली नाही तर

पोल अणु-संदर्भात चालतो, झोपता येत नाही, म्हणून पेज न मिळणं ही नेहमीची गोष्ट समजूनच ड्रायव्हर लिहायचा असतो. बरेच ड्रायव्हर इथे एक मोजणी वाढवून परत फिरतात आणि पुढचा पोल भरून घेईल असं धरून चालतात. तो पोल कधीच येत नाही, अशी एक स्थिती आहे.

मेमरीची टंचाई काही क्षण टिकते. ड्रायव्हर भरू शकत नाही, कार्ड उरलेले बफर वापरत जातं, माळ पूर्ण रिकामी होते. आता येणारी प्रत्येक फ्रेम कार्ड टाकून देतं. कुठलाच डिस्क्रिप्टर परत लिहिला जात नाही, म्हणून आरएक्सचा इंटरप्ट येत नाही. इंटरप्ट नाही म्हणून पोल नाही, पोल नाही म्हणून भरणं नाही. सेकंदभरात मेमरी मुबलक झाली तरी क्यू मेलेलीच. लिंक चालू, पाठवणं चालू, येत मात्र काही नाही. आणि अनेक क्यू असतील तर फक्त त्या क्यूवर हॅश होणारी कनेक्शन्स बंद पडतात, बाकी सगळं सुरळीत. इंटरफेस बंद-चालू केला की बरं होतं, आणि म्हणूनच मूळ कारण कोणी शोधत नाही.

यावर तीन मार्ग आहेत. एक, भरणं फसलं तर पोलमधून पूर्ण बजेट परत करा, म्हणजे नॅपी पुन्हा बोलावत राहील. इंटेलचा आय४०ई असं करतो. टंचाई लांबली तर प्रोसेसर जळतो, पण क्यू मरत नाही. दोन, टायमर किंवा विलंबित काम लावा. आयजीबीचा वॉचडॉग दर २ सेकंदांनी सॉफ्टवेअरमधून आरएक्सचा इंटरप्ट उठवतो, तो याच कारणासाठी. तीन, आधी नवं गाडगं हातात घ्या, मगच भरलेलं वर द्या. नवं पेज मिळालं नाही तर आलेलं पॅकेट टाकून द्या आणि तेच पेज पुन्हा माळेला बांधा. माळ कधीच रिकामी होत नाही.

एका फ्रेमला एकच बफर लागत असेल तर तिसरा मार्ग निवडा. तो सर्वांत सुरक्षित आहे, आणि टंचाईत काही पॅकेटं टाकावी लागणारच असतात. अनेक बफरांच्या फ्रेममध्ये मात्र मधलाच तुकडा टाकता येत नाही. एक टाकला तर ‘फ्रेम संपली’ बिट येईपर्यंतचे सगळे टाकावे लागतात, आणि त्यासाठी रिंगमध्ये ‘टाकत राहा’ अशी एक खूण हवी. ती नसेल तर उरलेलं शेपूट नवी फ्रेम म्हणून वर जातं. जंबो फ्रेमसाठी पहिला किंवा दुसरा मार्ग सोपा पडतो.

टंचाईत कर्नल राखीव साठ्यातूनही पेज देतं. अशी पेजं पुनर्वापरात धरून ठेवू नका. डेव्ह_पेज_इज_रीयूजेबल हे तपासतं, आणि पेज दुसऱ्या नुमा नोडवरचं (दुसऱ्या प्रोसेसरजवळच्या मेमरीतलं) आहे का हेही. पेज_पूल राखीव पेजं स्वतःच परत घेत नाही.

बंद करण्याचा क्रम

इथे क्रम हाच सगळा मुद्दा आहे.

१. कार्डाचं रिसीव्ह बंद करा आणि ते खरंच थांबेपर्यंत वाट बघा. बिट पुसला म्हणजे डीएमए थांबलं असं नाही. वाटेतल्या फ्रेम अजून लिहिल्या जात असतात. आयजीबी इथे १० मिलिसेकंद थांबतो.
२. इंटरप्ट बंद करून सिंक्रोनाइझ_आयआरक्यू.
३. नॅपी_डिसेबल. हे झोपू शकतं, म्हणून स्पिनलॉक धरून बोलवू नका. लागोपाठ दोनदा बोलावलं तर दुसरी हाक कायमची अडकते, आणि आरटीएनएल (नेटवर्क मांडणीचं कर्नलभरचं एकच कुलूप) धरलेलं असेल तर यंत्रावरची सगळी नेटवर्क मांडणी तिच्यामागे खोळंबते. चुकीच्या वाटेवरून परत फिरताना हे हटकून घडतं.
४. अर्धवट एसकेबी मोकळा करा, मग रिंगमधले बफर अनमॅप करून सोडा.
५. एक्सडीपीची नोंदणी काढा, पेज_पूल_डिस्ट्रॉय करा.
६. डिस्क्रिप्टरची मेमरी परत करा.

पहिली आणि चौथी पायरी उलटी झाली तर कार्ड मोकळ्या झालेल्या पेजवर लिहीत राहतं, आणि ते पेज तोवर एखाद्या फाइलचं किंवा दुसऱ्या प्रोसेसचं झालेलं असतं. आयओएमएमयू चालू असेल तर नशीब: इंटेलवर डीमार आणि एएमडीवर एएमडी-व्हीआय अशा शीर्षकाच्या तक्रारी कर्नल लॉगमध्ये दिसतात. म्हणून ड्रायव्हर तपासताना आयओएमएमयू नेहमी चालू आणि कडक मोडमध्ये ठेवा.

पूल मोडल्यावरही काही पेजं सॉकेटांच्या रांगेत अडकलेली असू शकतात. पूल ती परत येईपर्यंत जिवंत राहतो आणि ‘स्टॉल्ड पूल शटडाउन’ असा इशारा अधूनमधून लॉगमध्ये देतो. आकडा हळूहळू उतरत असेल तर कोणीतरी सॉकेट वाचत नाहीये. हलतच नसेल तर पेज तुमच्याच ड्रायव्हरने गळवलं असण्याची शक्यता जास्त.

चालू असताना आकार आणि संख्या बदलणं

ईथटूल या आज्ञेचा मोठा ‘जी’ पर्याय रिंगचा आकार बदलतो. सोपा पण वाईट मार्ग: इंटरफेस बंद करा, आकडा बदला, पुन्हा उघडा. उघडताना मेमरी मिळाली नाही की दूरच्या सर्व्हरचा संपर्कच तुटतो, आणि तोही एका किरकोळ आज्ञेमुळे. आधी नव्या रिंगा तात्पुरत्या यादीत पूर्ण तयार करा, सगळ्या मिळाल्या तरच जुन्या थांबवून अदलाबदल करा. आयजीबीत मागितलेला आकडा ८ च्या पटीत नेला जातो.

दोन खड्डे. जुनी मेमरी परत करताना जुनीच लांबी द्यायची असते. संख्या आधी बदलून मग लांबी काढली तर डीएमए_फ्री_कोहेरंटला चुकीचा आकडा जातो. म्हणून लांबी वेगळी जपायला सांगितली. दुसरा, रिंगचं स्ट्रक्चर मेमकॉपीने हलवताना त्यातली एक्सडीपी नोंदणीही कॉपी होते. नव्या प्रतीतला तो भाग शून्य करून नोंदणी नव्याने करा. आयजीबीच्या कोडमध्ये पूर्वी याच जागी तसा मेमसेट होता.

क्यूंची संख्या कमी करताना आधी आरएसएसची (हॅशवरून पॅकेटं क्यूंत वाटणारी कार्डाची सोय) तक्ता-मांडणी बदला, मग क्यू थांबवा. आयजीबीच्या तक्त्यात १२८ घरं आहेत. एकही घर बंद क्यूकडे बोट दाखवत राहिलं तर तेवढ्या कनेक्शनांची पॅकेटं मुकाट्याने गडप होतात. वापरकर्त्याने तक्ता हाताने मांडला असेल तर, नेटइफ_इज_आरएक्सएफएच_कॉन्फिगर्ड हे सांगतं, तो पुसू नका. गाभ्याला नवी संख्या नेटइफ_सेट_रिअल_नम_आरएक्स_क्यूज सांगतो. आरटीएनएल धरलेलं हवं.

२०२४ पासून कर्नलमध्ये एकच क्यू थांबवून पुन्हा सुरू करण्याची सोय आहे, नेटडेव्ह_क्यू_एमजीएमटी_ऑप्स. ड्रायव्हर चार गोष्टी देतो: मेमरी घेणं, सोडणं, क्यू सुरू करणं, थांबवणं. गाभा क्रम पाळतो: नवी मेमरी आधी, मग जुनी थांबवा, नवी सुरू करा, शेवटी जुनी सोडा. वर सांगितलेलं शहाणपण इथे गाभ्यातच बसवलं आहे. नव्या ड्रायव्हरमध्ये रिंगची मेमरी आणि रिंगचं चालू-बंद पहिल्या दिवसापासून वेगळ्या फंक्शनांत लिहा, म्हणजे ही सोय नंतर जोडताना सगळं उकरावं लागणार नाही.

तपासणी

कर्नल बांधताना डीएमए_एपीआय_डीबग आणि कासान (मोकळ्या झालेल्या मेमरीचा वापर पकडणारं साधन) चालू करा. पहिला न तपासलेलं मॅपिंग, चुकीच्या लांबीचं अनमॅप आणि विसरलेलं अनमॅप पकडतो. दुसरा पकडतो तो स्टॅककडे देऊन झाल्यावर वापरलेला एसकेबी.

ईथटूलचा मोठा ‘एस’ पर्याय मोजण्या दाखवतो. आयजीबीत आरएक्स_नो_बफर_काउंट वाढतोय पण आरएक्स_मिस्ड_एरर्स स्थिर आहे, तर माळ रिकामी पडली होती, पण कार्डाच्या अंतर्गत साठ्याने फ्रेम सांभाळल्या. दोन्ही वाढताहेत तर फ्रेम खरंच गेल्या. कर्नलच्या सॉफ्टनेट_स्टॅट फाइलचा तिसरा स्तंभ वाढत असेल तर पोलचं बजेट किंवा वेळ अपुरा पडतोय. तेव्हा रिंग मोठी करून उपयोग नाही. स्टॅकने टाकलेली पॅकेटं केफ्री_एसकेबी ट्रेसपॉइंटवर कारणासह दिसतात.

मग ताण द्या. दुसऱ्या यंत्रावरून पीकेटीजेनने (कर्नलमधलं पॅकेटं तयार करणारं साधन) छोट्या फ्रेमचा मारा चालू ठेवा आणि इकडे रिंगचा आकार २५६ आणि ४,०९६ यांच्यात तासभर बदलत राहा, मध्येच क्यूंची संख्या, मध्येच एमटीयू १,५०० वरून ९,०००. हे संपल्यावर फेल_पेज_अ‍ॅलॉक वापरून पेज मागण्या मुद्दाम फसवा, पेज मागणी प्रत्येक वेळी फसेल इतक्या. प्रत्येक क्यूवर जाणारं निदान एक कनेक्शन चालू असू द्या. मिनिटभराने फसवणं थांबवा आणि क्यूनिहाय पॅकेट-मोजण्या बघा: वॉचडॉगवर विसंबणाऱ्या ड्रायव्हरमध्ये २ सेकंदांत, आधी-घ्या-मग-सोडा पद्धतीत लगेच, सगळ्या क्यूंचे आकडे पुन्हा हलायला हवेत. एकही गोठलेला राहिला तर भरण्याच्या फंक्शनकडे परत जा.